बजाबाईच्या पदराच्या चार गाठी

मी एक जुनं लुगडं आहे. हिरव्या अंगाचं, तांबड्या काठांचं, चांगलं नऊवारी. ‘जुनं’ म्हणवून घ्यायला मला अजिबात लाज वाटत नाही बरं का, मित्रांनो! पेटीत घडी घालून पडून राहिलं तर कुठलंही कापड नवंच दिसणार, त्यात कसली आली मर्दुमकी? मी ऊन पाहिलं, धूळ पाहिली, सोलापूरच्या कचेऱ्यांचे जिने पाहिले. सारा जन्म बायकांत काढला, म्हणून बोलतेही बायकांसारखीच, आणि जरा जास्तच बोलते. तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म सोलापुरातला. एका हातमागावर मला विणलं. विणणाऱ्याच्या घरात सगळे तेलुगू बोलत, त्यामुळे माझ्या कानावर पहिले बोल पडले ते तेलुगूच. तिथून मी नव्या पेठेतल्या एका दुकानात आले. सहा महिने फळीवर बसून गिऱ्हाइकांची तोंडं बघितली. मग एक दिवस केम गावाहून जोतीराम नावाचा शेतकरी आला. दुकानदाराने त्याच्यापुढे तीस लुगडी उलगडली. जोतीराम बिचारा इतका ओशाळला, की पुढ्यात जे होतं त्यावर बोट ठेवून म्हणाला, “हेच द्या.” ते हेच म्हणजे मी! घरी त्याची बायको बजाबाई म्हणाली, “रंग लई भडक हाय.” आणि दुसऱ्या दिवशी मला नेसून सगळ्या वस्तीवर मिरवून आली.

बजाबाईने माझ्याकडून काम करून घेतलं ते काही विचारू नका. चारा बांधला, शेंगा झाकल्या, लेकरांची नाकं पुसली. पण माझा खरा मान होता पदराला. बजाबाई शाळेची पायरी चढली नव्हती. काही लक्षात ठेवायचं झालं की ती पदराला गाठ मारायची. नुसती गाठ नाही हो, गाठीत त्या कामाची खूण बांधायची. दळण आणायचं असेल तर चार जोंधळे, घर सारवायचं असेल तर मातीचा खडा. काम झालं की गाठ सोडायची. तिची वही, तिची पेन्सिल, सगळं मीच होते. त्याचा मला फार गर्व होता.

तिची धाकटी लेक गोजरा. दोन वर्षांची असताना तिला ताप भरला. ताप उतरला तेव्हा डाव्या पायातला जोर निघून गेला होता. पोलिओ, असं डॉक्टर म्हणाले. पुढे ती गुडघ्यावर हात दाबून, वाकून वाकून चालायला शिकली. शाळा अर्ध्या कोसावर. बजाबाई तिला कडेवर घेऊन शाळेत सोडायची आणि दुपारी परत आणायची. सात वर्षांची पोर कडेवर म्हणजे काही गंमत नाही, मित्रांनो. माझा खांद्यावरचा भाग त्याच वर्षांत विरला.

१९७३ साल असेल. दवाखान्यातल्या नर्सबाई रंभाबाई घरी आल्या. त्यांनी गोजराचा पाय हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, “बजाबाई, पाय वाकडा होत चाललाय. यंदाच पट्ट्याचा बूट बसला तर पोरगी चालेल. पुढच्या वर्षापर्यंत थांबलीस तर बुटाचा उपयोग नाही. सोलापुरात सरकार तो फुकट देतं. पुण्याहून माप घेणारा माणूस येणार आहे. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत आहे, मग एकदम पुढच्या वर्षी.”

मग त्यांनी चार कामं सांगितली. आधी मोठ्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरची चिठ्ठी घ्यायची. मग मुलीचा फोटो काढायचा. मग समाजकल्याणच्या कचेरीत अर्ज देऊन अंगठा उठवायचा. आणि शेवटी माप. तलाठ्याचा दाखला रंभाबाईंनी आधीच मिळवून ठेवला होता.

“लिहून देऊ का?” रंभाबाईंनी विचारलं.

“नगं,” बजाबाई म्हणाली. “लिवून दिलं तर वाचायला आनिक एक मानूस हुडकाया लागंल. माझ्या गाठी बऱ्या.”

आणि तिने चार गाठी मारल्या. दवाखान्यासाठी लिंबाचा पाला. फोटोसाठी चिमूटभर कुंकू, कारण फोटोला बसवताना पोरीला कुंकू लावायचं होतं. अंगठ्याच्या शाईसाठी कोळशाचा तुकडा. बुटाच्या मापासाठी चामड्याची चकती. मी चारही गाठी घट्ट धरून ठेवल्या. जोतीराम शेरडं आणि मोठी पोरं सांभाळायला घरी राहिला. बुधवारी दुपारी बजाबाई गोजराला घेऊन केमच्या स्टेशनावर गाडीत बसली.

गोजरा आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसली होती. कुर्डुवाडी सोडली नाही तोच ती ओकली, आणि सगळं माझ्या अंगावर! मी काय बोलणार? लेकरू होतं.

सोलापूरला उतरून विचारत विचारत बजाबाई सात रस्त्याला आली आणि तिथे जी उभी राहिली ती उभीच. “एक न्हाय, दोन न्हाय, सात रस्ते!” ती पुटपुटली. “आता कंच्या रस्त्यानं जावं, गं बाई?” तिने चार जणांना विचारलं. चौघांनी हात दाखवले, चौघांचेही हात बरोबर होते, आणि चौघेही आपल्या वाटेने निघून गेले. दिवे लागायची वेळ झाली होती. गोजरा रडायला लागली.

तेवढ्यात एक बाई थांबली. नवऱ्याला गिरणीत डबा देऊन रिकाम्या हाताने परत निघाली होती. तिचं नाव पार्वतम्मा.

“काय ओ अक्का, कुठं जायचंय?”

“मोटा दवाखाना. मग कचेरी. मग…”

“आता कुठली कचेरी उघडी असतीय? आणि पोरगी ओकली की अंगावर! चल माझ्या घरी. सकाळी बघू.”

पार्वतम्माचं घर साखर पेठेत होतं. एकच खोली, त्यात अर्ध्या जागेत हातमाग. तिने बजाबाईला नेसायला आपली साडी दिली, दोघींना आमटी-भात वाढला, आणि मला उचलून नळावर नेलं. इतक्या वर्षांनी तेलुगू कानावर पडलं, म्हणून मला माहेरी आल्यासारखं वाटलं. म्हटलं, आता चांगली आंघोळ होणार!

मित्रांनो, माझ्या आनंदावर तिथेच पाणी पडलं. पार्वतम्मा लहानपणापासून मागावर बसलेली. विणणाऱ्याच्या घरात कापडात गाठ म्हणजे मोठा दोष. गाठ दिसली की तिची बोटं आपोआप तिकडे जात. तिने पदर हातात घेतला आणि “अय्यो, किती ह्या गाठी!” म्हणत एकेक गाठ सोडायला सुरुवात केली. मी ओरडत होते, “अगं सोडू नकोस! ती कामं आहेत, कामं!” पण लुगड्याचा आवाज कुणाला ऐकू जातो? पाला मोरीत गेला. कोळसा चुलीत गेला. चकती कुत्र्याने पळवली. कुंकू पाण्यात विरघळून माझ्या अंगावर पसरलं. मला खळखळून धुऊन, पिळून, दोरीवर पसरून ती समाधानाने झोपायला गेली.

सकाळी ती हसत हसत म्हणाली, “अक्का, सगळ्या गाठी सोडून टाकल्या. बघ कसं सरळ झालंय कापड!”

बजाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. ती मला दोन्ही हातांनी चाचपत राहिली. “माज्या गाठी! आवो बाई, त्यात माज्या लेकीचा पाय हुता की वो!” आणि तिने तिथेच बसकण मारली.

सगळा प्रकार कळल्यावर पार्वतम्माने कपाळावर हात मारून घेतला. “मला काय माहीत ओ, अक्का! आमच्यात गाठ दिसली की सोडायचीच. थांब, रडू नको. काय काय होतं ते मला आठवतंय. लिंबाचा पाला होता.”

“दवाखाना!” बजाबाई म्हणाली.

“कोळसा होता.”

“अंगठा!”

“चामड्याचा तुकडा.”

“माप! बुटाचं माप!”

“आणि कुंकू होतं.”

“कुकू? म्या कुकू कशापायी बांदलं?” बजाबाई डोकं खाजवू लागली. रात्रभर झोप नाही, मनात हजार काळज्या. सगळं आठवलं, तेवढं एकच आठवेना. शेवटी म्हणाली, “देवीला नवस बोलायचा असंल. त्याबिगर कुकू कशाला?”

पार्वतम्मालाही ते पटलं. मला एकटीला खरं ठाऊक होतं. ‘फोटो, फोटो’ म्हणून मी दोरीवर नुसती फडफडत राहिले.

त्या दिवशी पार्वतम्माने आपलं काम बाजूला ठेवलं. “माझ्यामुळं झालंय, मीच येते,” म्हणाली. बजाबाई तिचीच साडी नेसून निघाली. मला घडी करून बरोबर घेतलं, गोजराला बसायला. दवाखान्यात गर्दी मोठी, पण चिठ्ठी मिळाली. डॉक्टरांनी गोजराला गोळीही दिली खायला, लिमलेटची. संध्याकाळी तिघींनी देवीला जाऊन नारळ फोडला. देवी तरी काय सांगणार? दोघीही चार कामांतली दोन झाली म्हणून निवांत झोपल्या, आणि मी उशाशी तळमळत पडले.

शुक्रवारी अकरा वाजता त्या समाजकल्याणच्या कचेरीत पोहोचल्या. चष्मा कपाळावर सरकवलेल्या कारकुनाने कागद पाहिले. “अर्ज ठीक. डॉक्टरांची चिठ्ठी ठीक. दाखला ठीक. मुलीचा फोटो?”

“फोटू?” बजाबाई म्हणाली. आणि मग तिने असा काही हात कपाळावर मारला की बाकावरचे सगळे वळून बघायला लागले. “कुकू! आगं बया! फोटूला बसताना पोरीला लावायचं म्हून बांदलं हुतं मी कुकू!”

“फोटोशिवाय अर्ज पुढे जात नाही, बाई,” कारकून म्हणाले. “आणि माप घेणारे पाचला सामान आवरतात. साडेपाचची गाडी आहे त्यांची.”

बजाबाईने गोजराकडे पाहिलं. गोजरा माझ्यावर बसून आपला वाकडा पाय हाताने सरळ करून बघत होती. त्या आईच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. एक वर्ष! त्या पायाजवळ एक वर्ष शिल्लक नव्हतं.

पार्वतम्मा पुढे झाली. “साहेब, चूक माझी आहे, हिची नाही. फोटो आणला तर आज होईल का?”

कारकुनांनी घड्याळाकडे पाहिलं, मग पोरीकडे. “आणा. तोवर मी बाकीचं सगळं लिहून तयार ठेवतो. साहेबांनाही सांगून ठेवतो. पण चारच्या आत या.” त्या माणसाचं नाव मला कधी कळलं नाही. पण आजही त्याची आठवण आली की मी मनातल्या मनात हात जोडते.

मग काय ती धावपळ! “दे इकडं,” म्हणून पार्वतम्माने गोजराला आपल्या कडेवर घेतलं. दमली की बजाबाईने घ्यायचं, ती दमली की परत पार्वतम्माने. नव्या पेठेत दुपारची ही गर्दी! मी बजाबाईच्या काखेत चेंगरलेली. बसप्पाचा फोटो स्टुडिओ एका जिन्यावर होता. पार्वतम्माच्या लग्नाचा फोटो त्यानेच काढलेला.

“उद्या संध्याकाळी मिळेल,” बसप्पा म्हणाला.

“तीनला पाहिजे.”

“काय चेष्टा करता काय, अम्मा?”

पार्वतम्माने त्याला गोजराचा पाय दाखवला. बसप्पा उठला आणि दिवे लावले. पण पुढे आणखी एक पंचाईत. स्टुडिओतल्या पडद्यावर राजवाडा होता, तळं होतं, तळ्यात दोन हंस होते. “सरकारी फोटोला हे चालत नाही. मागं साधं कापड पाहिजे, आणि माझं साधं कापड परटाकडं गेलंय,” तो म्हणाला.

तेव्हा बजाबाईने मला उलगडलं. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला पार्वतम्मा, मध्ये मी ताणून धरलेली, आणि माझ्यापुढे स्टुलावर गोजरा, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून. बसप्पा काळ्या कापडाखाली शिरला तशी गोजरा भ्यायली. मग बाहेर डोकावून त्याने तिला वेडावून दाखवलं, तेव्हा ती खुदकन हसली.

“हसू नको गं, सरकारी फोटो आहे!” बसप्पा ओरडला, आणि आम्ही सगळ्याच हसलो. फोटोत गोजरा हसतेच आहे. आणि तिच्या मागे जे दिसतं ना, मित्रांनो, ते मी! सरकारी फायलीत माझा फोटो आहे. नव्या पेठेतल्या कुठल्या लुगड्याला हे भाग्य लाभलं, सांगा बरं?

फोटो ओला होता तसाच बसप्पाने कागदात ठेवून दिला. पावणेचारला त्या कचेरीत पोहोचल्या. कारकुनांनी सगळं खरंच तयार ठेवलं होतं. अंगठा उठला, सही झाली. तिथून दोघी माप घ्यायच्या जागी धावल्या. माप घेणारा म्हातारा कारागीर टेप गुंडाळून पेटीला कुलूप लावत होता. पाचला दहा मिनिटं कमी होती.

“या, या,” तो म्हणाला आणि त्याने कुलूप काढलं.

त्याने गोजराचा पाय मांडीवर घेतला. टाचेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून वर, हळूहळू टेप फिरवला. पाय दाबून बघितला. मग तो म्हणाला, “बसेल. पण अजून सहा महिने गेले असते तर बसला नसता.”

बजाबाई त्याच्या पाया पडायला वाकली. त्याने पाय मागे घेतले आणि पोरीला कडेवर घेऊन धावत आलेल्या पार्वतम्माकडे बोट केलं. पार्वतम्मा रडत होती.

निघताना पार्वतम्मा म्हणाली, “अक्का, ती साडी तुझ्याकडंच राहू दे. हे लुगडं मला दे. आता आपण बहिणी.” माझं मत कुणी विचारलं नाही. पण विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

दोन महिन्यांनी बजाबाई बूट न्यायला आली. लोखंडी पट्ट्या, चामड्याचे बंद, जाड तळव्याचा बूट. पार्वतम्माच्या घरात, मागाला धरून, गोजरा उभी राहिली. मग तिने मागाचा हात सोडला. गुडघ्यावर हात नाही, कंबर वाकलेली नाही. “आई,” ती म्हणाली, “मी लई उंच हाय की गं!” तिला स्वतःची उंची ठाऊकच नव्हती, मित्रांनो. मी दोरीवर होते, मला डोळे असते तर ते वाहिले असते.

पुढे माझं नेसणं संपलं. पार्वतम्माने मला दाराला पडदा म्हणून लावलं. आणि काय सांगू, मी प्रसिद्ध झाले! केमच्या बाजूने कुणी अडलेलं माणूस निघालं की बजाबाई सांगायची, “साखर पेठंत जा. हिरव्या लुगड्याचा पडदा हाय ते दार. तिथं माजी भन हाय.” माणसं यायची. कुणाला रेशनकार्ड, कुणाला दवाखाना, कुणाला आंधळ्या पोरासाठी शाळा. पार्वतम्मा हात दाखवून मोकळी होत नसे. मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं काम बाजूला ठेवून बरोबर जायची. जाऊन जाऊन तिला सगळ्या कचेऱ्या पाठ झाल्या. कुठल्या खिडकीवर आधी जायचं, माणूस कुठला कागद घरी विसरतो, सगळं. हे सगळं एका चुकीतून सुरू झालं, म्हणून मी त्या सोडलेल्या गाठींवर आता रागावत नाही.

पाच वर्षांनी गोजरा मोठ्या मापाच्या बुटासाठी आईबरोबर सोलापूरला आली. बाराची झाली होती. बजाबाई मागून दुकानातून खाऊ घेऊन येत होती आणि गोजरा एकटीच पुढे आली. तिच्याबरोबर सांगोल्याकडची एक धनगर बाई होती, बाळाबाई, आणि तिचा म्हातारा बाप, ज्ञानबा. म्हाताऱ्याला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. सात रस्त्याला कुठे जावं ते न कळून दोघं उभी होती, ती गोजराला दिसली.

गोजराने पडदा बाजूला केला. घरात पार्वतम्मा नव्हती, लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. बाळाबाईचा चेहरा उतरला. “आता काय करावं गं? दवाखाना बंद हुईल.”

“चला,” गोजरा म्हणाली. “मी येती तुमच्यासंगं. म्या गेलीया तितं, आधी कंची खिडकी, मला ठाव हाय.”

बाळाबाईने तिच्या लोखंडी पट्ट्यांकडे पाहिलं. “न्हाय गं बाय. तुजा पाय ह्यो असा. नुसतं हितनं हात दाव, आमी जातो.”

“हात दावून न्हाय सापडत, मावशी,” गोजरा म्हणाली. तिने म्हाताऱ्याचा हात आपल्या खांद्यावर ठेवला आणि दारापुढच्या पायऱ्या उतरायला लागली.

मित्रांनो, कुणी तुम्हाला पत्ता विचारला, तर गोजरासारखं करा. वेळ नसेल तर निदान वळणापर्यंत जा. आणि मी फाटले म्हणून मला काढून टाकायच्या आधी पार्वतम्माला एकदा विचारा. माझ्याशिवाय लोकांना तिचं दार सापडायचं नाही. त्या दुपारी मी दारात हलत राहिले आणि ऐकत राहिले. खाली गल्लीत लोखंडी पट्ट्यांचा आवाज येत होता, आणि त्याच्या मागे मागे दोन माणसांची पावलं.